व्हर्च्युअल मशीनला आयपी अ‍ॅड्रेस कसा द्यायचा? घरी चालणारं अ‍ॅप कॉलेजात का बंद पडतं?

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये रात्री साडेनऊला माझ्या मावसबहिणीचा फोन आला. "दादा, उद्या ओरल आहे आणि अ‍ॅप कनेक्टच होत नाहीये." ती डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होती, कॉम्प्युटर शाखेला. आम्ही दोघंही देवनारचे, तिच्या घरापासून माझं घर चालत पाच मिनिटांवर. तिच्या ग्रुपचा प्रोजेक्ट असा होता की कचऱ्याची गाडी आज आपल्या गल्लीत आली की नाही याची नोंद फोनवरून करायची, आणि कुठल्या गल्लीत किती दिवस गाडी फिरकलीच नाही ते नकाशावर दाखवायचं. देवनारला १९२७ पासून मुंबईचा कचरा येऊन पडतोय, त्यामुळे विषय शोधायला पोरींना लांब जावं लागलं नाही.

फोनवर अ‍ॅप, लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स, त्यात उबंटू आणि उबंटूमध्ये सर्व्हर, अशी सगळी मांडणी. घरी महिनाभर मस्त चाललं. पण त्या दिवशी दुपारी कॉलेजात फोनच्या हॉटस्पॉटवर रंगीत तालीम केली, तर अ‍ॅप नुसतं गोल गोल फिरत राहिलं. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता बाहेरचे परीक्षक येणार होते आणि चार जणींचे मार्क त्यावर होते.

मी लॅपटॉप घेऊन तिच्याकडे गेलो आणि आधी एकच विचारलं, "अ‍ॅपमध्ये पत्ता काय टाकलायस?" ती म्हणाली, "१९२.१६८.१.५०." बस्स, दुखणं तिथेच कळलं. पण ते का दुखतं हे समजून घेतल्याशिवाय नुसता आकडा बदलला असता, तर पुढच्या खोलीत पुन्हा तेच झालं असतं. म्हणून आधी थोडं मुळातून बघू.

(एक सूचना. या लेखात आकडे आपण मराठीत लिहिलेत. फोनवर किंवा टर्मिनलमध्ये टाइप करताना मात्र इंग्रजी आकडेच टाका, नाहीतर मशीन काहीच समजून घेणार नाही.)

आयपी अ‍ॅड्रेस म्हणजे खोली नंबर

गोवंडीत शिवाजी नगर, बैंगनवाडीकडे कधी कुणाचं घर शोधलंय का? रोड नंबर, प्लॉट नंबर, लाइन आणि मग खोली नंबर. नुसतं "खोली नंबर १५" म्हणालात तर पोस्टमनही हसेल, कारण खोली नंबर १५ प्रत्येक लाइनीत आहे. लाइनीच्या आत मात्र "१५ मध्ये दे" एवढं पुरतं.

घरातल्या वायफायवर मिळणारा आयपी अ‍ॅड्रेस हा असाच खोली नंबर आहे. १९९६ च्या फेब्रुवारीत इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या मंडळींनी आकड्यांचे तीन गट खासगी वापरासाठी कायमचे बाजूला काढले. १० ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. हे आकडे कुणीही, कुठेही, कुणाला न विचारता वापरू शकतो. तुमच्या घरी १९२.१६८.१.५ आहे आणि शेजारच्या घरीही आहे, आणि दोघांचं काही बिघडत नाही. कारण हे नंबर आपापल्या लाइनीच्या बाहेर जातच नाहीत.

पत्त्यासोबत आणखी तीन गोष्टी लागतात. सबनेट मास्क सांगतो की लाइन कुठे संपते. २५५.२५५.२५५.० म्हणजे पहिले तीन आकडे लाइनीचे, शेवटचा खोलीचा. अशा लाइनीत २५६ आकडे असतात, त्यातला पहिला लाइनीच्या नावाला जातो, शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारायला, आणि वापरायला उरतात २५४. हाच मास्क कुठे कुठे नुसता "/२४" असा लिहिलेला दिसेल, अर्थ तोच. दुसरी गोष्ट गेटवे, म्हणजे गल्लीचा नाका. बाहेर जाणारं सगळं त्याच्याकडूनच जातं. घरी हे काम राउटर करतो. तिसरी डीएनएस, म्हणजे नाव सांगितलं की नंबर सांगणारा.

आणि हे सगळं आपोआप वाटणारा जो असतो त्याला डीएचसीपी म्हणतात. तुम्ही वायफायला जोडता, तो म्हणतो "घे, तुला १७ नंबर." उद्या कदाचित दुसरा देईल. फोनसाठी हे झकास आहे, पण ज्या मशीनला दुसऱ्यांनी शोधत यायचंय तिचा नंबर रोज बदलून कसं चालेल? म्हणून मग माणूस पत्ता हाताने द्यायला जातो, आणि तिथून गडबड सुरू होते.

मशीनच्या पोटात मशीन

व्हर्च्युअल मशीन म्हणजे एका खऱ्या कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा, सॉफ्टवेअरने बनवलेला कॉम्प्युटर. बाहेरच्याला होस्ट म्हणायचं, आतल्याला गेस्ट. कल्पना नवी नाही. आयबीएमने १९७२ मध्येच मोठ्या कॉम्प्युटरांसाठी असं सॉफ्टवेअर बाजारात आणलं होतं. आता तर ती खिशात आली आहे. गुगलने २०२५ मध्ये पिक्सेल फोनांवर टर्मिनल नावाचं अ‍ॅप दिलं, त्यात डेबियन लिनक्स अशाच व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतं. आणि अँड्रॉइड अ‍ॅप शिकताना लॅपटॉपच्या स्क्रीनवर जो खोटा फोन उघडतो, तो एम्युलेटरही याच जातीचा.

गेस्टला नेटवर्क कार्डही खोटंच मिळतं. आता प्रश्न असा की ही खोटी तार कुठे नेऊन जोडायची? पत्त्याचा आकडा त्यानंतर ठरतो. बहुतेक मुलं उलट करतात. आधी यूट्यूबवर बघून आकडा टाकतात आणि मग तार कुठे आहे ते शोधत बसतात. माझ्या मते अर्ध्याहून जास्त डोकेदुखी इथेच तयार होते.

नॅट: सगळ्यांचा नंबर १५

व्हर्च्युअलबॉक्समध्ये नवी मशीन बनवली की ती मुळात नॅट प्रकारावर असते. यात व्हर्च्युअलबॉक्स गेस्टभोवती एक छोटी खासगी लाइन उभी करतो. गेस्टचा पत्ता १०.०.२.१५, नाका १०.०.२.२, नाव सांगणारा १०.०.२.३. गेस्टमधून बाहेर जाणारी प्रत्येक गोष्ट होस्टच्या नावाने जाते, त्यामुळे गेस्टमध्ये इंटरनेट लगेच चालतं, काही सेटिंग न करता.

गंमत पुढे आहे. तुम्ही दोन मशीन बनवल्या आणि दोन्ही नॅटवर ठेवल्या, तर दोघींचा पत्ता १०.०.२.१५ च निघतो. नवखा माणूस घाबरतो, त्याला वाटतं पत्ते भिडले. भिडलेले नाहीत. दोघींच्या लाइनी वेगळ्या आहेत, प्रत्येक लाइनीत १५ नंबरची खोली आहे इतकंच. पण याचाच अर्थ असा की त्या एकमेकींना पाहू शकत नाहीत, आणि बाहेरून फोनलाही त्यांच्यापर्यंत थेट जाता येत नाही. दोन मशीनींना एकमेकींशी बोलायचं असेल आणि इंटरनेटही हवं असेल, तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये "नॅट नेटवर्क" नावाचा वेगळा प्रकार आहे. नाव जवळजवळ तेच असल्यामुळे चुकीचं निवडलं जातं, जरा नीट बघून निवडा.

अँड्रॉइडच्या एम्युलेटरमध्येही हेच आकडे आहेत. खोटा फोन स्वतः १०.०.२.१५, आणि त्याने १०.०.२.२ ला हाक मारली की ती तुमच्या लॅपटॉपलाच पोचते. म्हणून एम्युलेटरमध्ये अ‍ॅप तपासताना लॅपटॉपवरच्या सर्व्हरचा पत्ता १०.०.२.२ टाकायचा. तेच अ‍ॅप खऱ्या फोनवर टाकलं की हा आकडा निरर्थक होतो. एम्युलेटरमध्ये चालणारं आणि फोनवर न चालणारं अ‍ॅप दिसलं, की मी आधी हाच आकडा शोधतो.

ब्रिज: गेस्टला घरात वेगळी खोली

ब्रिज्ड प्रकारात गेस्टची तार थेट तुमच्या घरच्या नेटवर्कला जोडली जाते. राउटरला वाटतं घरात आणखी एक कॉम्प्युटर आला. तो त्याला इतरांसारखाच पत्ता देतो, आणि मग घरातला कुठलाही फोन गेस्टला सरळ हाक मारू शकतो. बहिणीने हेच केलं होतं. वर गेस्टला १९२.१६८.१.५० असा कायमचा पत्ता दिला होता आणि तोच अ‍ॅपच्या कोडमध्ये लिहून टाकला होता.

घरी राउटरचा नाका १९२.१६८.१.१, म्हणून ५० नंबर त्याच लाइनीत बसत होता. कॉलेजात फोनच्या हॉटस्पॉटची लाइन वेगळी. जुन्या अँड्रॉइडवर हॉटस्पॉट हमखास १९२.१६८.४३ ने सुरू व्हायचा, नव्या फोनांत आकडा बदलत राहतो. आयफोनवर तो १७२.२०.१० असतो आणि तिथे लाइनही छोटी, फोन धरून १४ खोल्यांची. आता गेस्ट आपला "मी १९२.१६८.१.५०, माझा नाका १९२.१६८.१.१" म्हणत बसलाय, आणि त्या वर्गात अशी लाइनच नाही. हे म्हणजे देवनारच्या घराचा पत्ता लिहिलेलं पाकीट मुलुंडच्या चाळीत फिरवण्यासारखं झालं.

ब्रिजचा आणखी एक त्रास आहे, तो केबलवर जाणवत नाही पण वायफायवर जाणवतो. वायफायचा राउटर ज्या कार्डाने पासवर्ड देऊन प्रवेश घेतला त्याच्याशीच बोलतो. त्याच कार्डाआडून दुसरा कुणी वेगळ्या ओळखीने बोलायला लागला तर तो ऐकेलच असं नाही. व्हर्च्युअलबॉक्स यावर युक्ती करतो, बाहेर जाताना गेस्टची ओळख बदलून होस्टची लावतो, आणि बऱ्याचदा त्यावर भागतं. पण लॉगिन मागणाऱ्या कॉलेज किंवा ऑफिसच्या वायफायवर ब्रिजच्या भरवशावर डेमो ठेवू नका.

बाकीचे प्रकार

होस्ट-ओन्ली म्हणजे फक्त होस्ट आणि गेस्ट यांच्यातली खासगी तार. व्हर्च्युअलबॉक्समध्ये होस्ट तिथे १९२.१६८.५६.१ असतो. वायफाय बदललं, इंटरनेट गेलं, तरी ही लाइन हलत नाही, म्हणून लॅपटॉपवरून गेस्टमध्ये काम करायला मला हीच आवडते. मी मशीनला दोन कार्डं देतो, एक नॅटवर इंटरनेटसाठी आणि दुसरं होस्ट-ओन्लीवर. फक्त दुसऱ्या कार्डाला गेटवे देऊ नका. दोन नाके दिले की गेस्टला कुठून बाहेर पडायचं ते कळत नाही आणि इंटरनेट कधी चालतं, कधी नाही. इंटर्नल नावाचा प्रकार फक्त गेस्टच्या आपसातल्या बोलण्यासाठी आहे, होस्टसुद्धा त्यात नसतो. मालवेअरचे प्रयोग करणाऱ्यांना तो लागतो, आपल्याला क्वचित.

पत्ता हाताने देताना

उबंटू डेस्कटॉप असेल तर सेटिंग्जमध्ये नेटवर्क उघडा, जोडलेल्या कार्डापुढच्या गिअरच्या चिन्हावर क्लिक करा, आयपीव्ही४ च्या टॅबवर जा आणि ऑटोमॅटिकच्या जागी मॅन्युअल निवडा. पत्ता, मास्क आणि गेटवे भरा, खाली डीएनएस भरा, अप्लाय करा. मग कार्ड एकदा बंद करून चालू करा. हे न केल्यामुळे जुनाच पत्ता दिसत राहतो आणि माणूस पुन्हा पुन्हा तेच भरत बसतो.

सर्व्हरची आवृत्ती असेल तर चित्रं नाहीत, तिथे नेटप्लॅनच्या फाईलमध्ये लिहावं लागतं. या यामल फाईलमध्ये ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा मोजून सोडायची असते, आणि ती स्पेसनेच, टॅब चालत नाही. कार्डाचं नाव व्हर्च्युअलबॉक्समध्ये बहुतेक वेळा ईएनपी०एस३ असतं. लिहून झालं की थेट "अप्लाय" करण्याऐवजी नेटप्लॅनची "ट्राय" ही आज्ञा वापरा. ती नवीन सेटिंग लावून १२० सेकंद तुमच्या होकाराची वाट बघते. होकार आला नाही तर जुनी सेटिंग परत आणते. दूरच्या मशीनवर काम करताना या दोन मिनिटांनी मला एकदा वाचवलंय.

कुठला आकडा निवडायचा? राउटर आपोआप वाटतो त्या आकड्यांच्या बाहेरचा. राउटरच्या पानावर डीएचसीपीची सुरुवात आणि शेवट दिलेला असतो. समजा तो १०० ते २०० वाटत असेल, तर तुम्ही ५० घ्या. त्याच्या वाटपातलाच आकडा घेतलात, तर एखाद्या रात्री तो नंबर तो घरच्या टीव्हीला देऊन टाकेल, आणि मग दोघंही अधूनमधून बंद पडतील. हा बिघाड सापडायला फार त्रास देतो, कारण तो सतत होत नाही. केबलने जोडलेला होस्ट असेल तर याहून चांगला मार्ग म्हणजे गेस्टला ऑटोमॅटिकवरच ठेवायचं आणि राउटरला सांगायचं की या कार्डाला नेहमी हाच नंबर दे. कार्डाची ओळख म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस, व्हर्च्युअलबॉक्सच्या कार्डांचा तो ०८:००:२७ ने सुरू होतो.

पत्ता लागला का ते बघायला लिनक्सच्या टर्मिनलमध्ये "आयपी ए" आणि विंडोजमध्ये "आयपीकॉन्फिग" ही आज्ञा आहे. मग पिंग करा, पण क्रमाने. आधी नाक्याला. नाका उत्तर देत नसेल तर पत्ता, मास्क किंवा तारेचा प्रकार चुकलाय, पुढे जाण्यात अर्थ नाही. नाका बोलला तर ८.८.८.८ ला. तेही बोललं पण वेबसाइट नावाने उघडत नसेल, तर तुम्ही डीएनएस भरायला विसरलात. विंडोजच्या गेस्टमध्ये १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर त्याचा अर्थ "मी पत्ता मागितला, कुणी दिलाच नाही." तो पत्ता स्वतः घेतलेला असतो, त्याने बाहेर जाता येत नाही.

क्लोन केलेली जुळी भावंडं

लॅबमध्ये किंवा ग्रुप प्रोजेक्टमध्ये एकीने मशीन बनवायची आणि बाकीच्यांनी कॉपी करायची हे नेहमीचं. व्हर्च्युअलबॉक्स क्लोन करताना मॅक अ‍ॅड्रेसचं काय करायचं ते विचारतो. नवीन बनवायला सांगा. नाहीतर एकाच लाइनीत दोन सारख्या ओळखी येतात.

पण उबंटू सर्व्हरच्या बाबतीत एवढ्यावर भागत नाही. मॅक वेगळे असूनही दोन्ही क्लोनना एकच आयपी मिळतो, आणि पोरं रात्र रात्र घालवतात. कारण असं की उबंटू सर्व्हर पत्ता मागताना मॅकऐवजी मशीन-आयडी नावाच्या एका ओळीवरून बनवलेली ओळख दाखवतो, आणि ती ओळ क्लोनमध्ये जशीच्या तशी आलेली असते. क्लोनमधला मशीन-आयडी रिकामा करून मशीन पुन्हा चालू केली की तो नवा बनतो आणि पत्ताही वेगळा मिळतो.

"घरीच ठेवून मोबाइल डेटावरून गाठलं तर?"

हे मला बहिणीने त्या रात्री विचारलं. लॅपटॉप घरी चालू ठेवायचा आणि कॉलेजातून फोनच्या डेटावरून अ‍ॅप जोडायचं. विचार चुकीचा नाही, पण आडवं येतं ते आकड्यांचं दुर्भिक्ष्य.

१५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सामान्य लोकांना इंटरनेट द्यायला सुरुवात केली तेव्हा जोडणारे मूठभर होते. जुन्या पद्धतीचे आयपीव्ही४ पत्ते जगात मिळून साधारण ४३० कोटी, तेव्हा ते संपतील असं कुणाला रोज वाटत नव्हतं. आशिया-पॅसिफिकचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्ये तळाला गेला, आणि स्मार्टफोनची खरी लाट तर त्यानंतर आली. मग कंपन्यांनी हजारो ग्राहकांना एकाच बाहेरच्या पत्त्याआड बसवायला सुरुवात केली. त्यासाठी २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा गट मुद्दाम राखून ठेवला गेला. तुमच्या राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता म्हणून असा आकडा किंवा १० ने सुरू होणारा आकडा दिसला, तर तुम्हीही कुणाच्या तरी लाइनीतल्या खोलीत आहात. बाहेरून तुम्हाला थेट कुणी गाठू शकत नाही, राउटरमध्ये काहीही उघडलंत तरी. यावर खरा उपाय आयपीव्ही६, आणि २०१६ मध्ये जिओ आल्यापासून आपल्या फोनांवर तो मोठ्या प्रमाणात आहेही. पण घरची लाइन, राउटर आणि गेस्ट या तिघांनीही तो नीट चालवला पाहिजे, आणि रात्री दहा वाजता हा उद्योग मी सुरू करणार नव्हतो.

दुसरा पर्याय क्लाउड. अ‍ॅमेझॉनचं मुंबईतलं केंद्र २०१६ पासून आहे. तिथे व्हर्च्युअल मशीन घेतली की तिच्या आतही तुम्हाला खासगी पत्ताच दिसतो, मुळात १७२.३१ ने सुरू होणारा. बाहेरचा पत्ता मशीनवर नसतोच, तो नाक्यावर लावलेला असतो. म्हणून आत शिरून "माझा बाहेरचा आयपी कुठे गेला" असं शोधू नका, आणि तो हाताने भरू तर अजिबात नका, मशीन हातातून जाते. शिवाय १ फेब्रुवारी २०२४ पासून अशा प्रत्येक बाहेरच्या आयपीव्ही४ पत्त्याला तासाला ०.००५ डॉलर भाडं लागतं. मुंबईत खोलीचं भाडं माहीत होतं, आता खोली नंबरचंही सुरू झालं.

त्या रात्री काय केलं

आम्ही ब्रिज सोडून दिला. गेस्टला परत नॅटवर आणलं आणि हाताने दिलेला पत्ता काढून ऑटोमॅटिक केलं. पत्ता आला १०.०.२.१५. मग मशीनच्या सेटिंग्जमधल्या नेटवर्कच्या पानावर पोर्ट फॉरवर्डिंग उघडलं आणि एक नियम लिहिला: होस्टच्या ५००० नंबरच्या पोर्टवर जे येईल ते गेस्टच्या ५००० वर पाठव. नियमात होस्ट आयपीचा रकाना रिकामाच ठेवायचा. तिथे १२७.०.०.१ लिहिलंत तर फक्त लॅपटॉपवरूनच उघडेल, फोनवरून नाही.

तरी चालेना. सर्व्हर फ्लास्कवर होता, आणि फ्लास्क मुळात १२७.०.०.१ वरच ऐकतो. १२७.०.०.१ म्हणजे "मी स्वतः". ज्या मशीनवर बसून म्हणाल तीच. गेस्टमध्ये तो फक्त गेस्टचं ऐकत होता, आलेली हाक दारावरच थांबत होती. सर्व्हर ०.०.०.० वर ऐकायला लावला, म्हणजे "कुठूनही आलं तरी ऐक". मग विंडोजच्या फायरवॉलने व्हर्च्युअलबॉक्सला परवानगी द्यायची का ते विचारलं, दिली.

आता फोनने लॅपटॉपला कुठल्या नंबरने हाक मारायची? फोनचा हॉटस्पॉट घेतला तर लॅपटॉपचा नंबर दर वेळी वेगळा. म्हणून उलटं केलं, लॅपटॉपचाच मोबाइल हॉटस्पॉट चालू केला. विंडोज स्वतः हॉटस्पॉट होतो तेव्हा तो सहसा १९२.१६८.१३७.१ असतो, वर्ग कुठलाही असो. एक अट आहे, वाटायला काहीतरी इंटरनेट असल्याशिवाय विंडोज हॉटस्पॉट सुरू करत नाही. त्यासाठी मावशीचा फोन केबलने लावून यूएसबी टिथरिंग चालू केलं. "उद्या दुपारपर्यंत फोन नाही" हे ऐकून मावशीचा चेहरा पडला, पण दिला.

अ‍ॅपच्या कोडमधला आकडा काढून सर्व्हरचा पत्ता भरायचा एक रकाना आधीच्या स्क्रीनवर टाकला, हे तर पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. तरीही एका फोनवर अ‍ॅप अडलं. तो पत्त्याचा दोष नव्हता. अँड्रॉइड ९ पासून नवी अ‍ॅप साध्या एचटीटीपीवर बोलू शकत नाहीत, मॅनिफेस्टमध्ये परवानगी लिहावी लागते. तिचा स्वतःचा फोन जुना होता म्हणून महिनाभर हे कळलंच नव्हतं. हे सगळं करून मी पावणेएकला घरी आलो.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी अ‍ॅप बघितलं, मग स्वतःचा फोन काढून म्हणाले, "माझ्या फोनवर उघडून दाखवा." तिने त्यांना लॅपटॉपच्या हॉटस्पॉटला जोडायला लावलं, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१३७.१, मग विसर्गासारखे दोन ठिपके आणि ५००० टाकायला सांगितलं. नकाशा उघडला. त्यांनी विचारलं, "हाच तुमच्या व्हर्च्युअल मशीनचा पत्ता का?"

"नाही सर, हा लॅपटॉपचा. मशीनचा १०.०.२.१५."

"आणि शेजारच्या ग्रुपच्या मशीनचा?"

तिने शेजारच्या बेंचवर एकदा पाहिलं. तीही मशीन नॅटवरच होती. "त्यांचाही १०.०.२.१५," ती म्हणाली.